शेंगदाणा तेलातून डीएनए निघत नाही, पीसीआर कोरी जाते: कुठून तपासायला सुरुवात करायची

आधी लक्षणं बघू. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा, कारण पुढे काय करायचं ते त्यावर अवलंबून आहे.

- नॅनोड्रॉपवर (डीएनए किती ते प्रकाश शोषून मोजणारं यंत्र) आकडा झकास येतो, पण पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो आहे का ते दाखवणारी टेस्ट) काहीच लागत नाही.
- नॅनोड्रॉपही शून्य, पीसीआरही कोरी. त्याच दिवशी दाण्यातून काढलेला डीएनए मात्र बिनतक्रार लागतो.
- एकाच डब्यातल्या तेलाच्या दोन ट्यूब केल्या, एक लागली, एक नाही. परत केलं तर उलटंच.
- सगळंच लागतं. ब्लँकसुद्धा, म्हणजे जिच्यात नमुना घातलेलाच नाही ती ट्यूब.
- वनस्पतींचा सर्वसाधारण जीन लागतो, पण शेंगदाण्याचा, सोयाबीनचा किंवा सरकीचा नेमका जीन लागत नाही.

लाकडी घाण्याच्या तेलाला मागणी आल्यापासून "हे खरंच शेंगदाण्याचंच आहे का, डीएनए करून सांगा" अशी विचारणा सारखी होते. एमएस्सी बायोटेकची मुलंही प्रोजेक्टला हाच विषय घेतात. विचारायला येईपर्यंत बहुतेकांनी दुसरं, आधीपेक्षा महाग किट मागवलेलं असतं. किटात दोष क्वचित निघतो. म्हणून खाली फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि किटाला हात लावायची वेळ बरीच उशिरा.

डीएनए तेलात विरघळत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. बी चिरडलं की पेशींचे बारीक तुकडे, पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब आणि फॉस्फोलिपिडचा चिकटा तेलात तरंगत राहतो. डीएनए असलाच तर त्यात असतो, तोही तुकड्या-तुकड्यांत. म्हणजे आपण शोधतोय ती तेलात राहिलेली घाण. तेल जितकं स्वच्छ, तितकं आपलं काम अवघड.

डब्यावर काय लिहिलंय ते वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. "रिफाइंड" लिहिलंय? मग अपेक्षा एकदम खाली आणा. रिफायनरीत पहिल्यांदा डीगमिंग होतं. पाणी किंवा फॉस्फोरिक आम्ल घालून चिकटा वेगळा करतात आणि डीएनएचा मोठा हिस्सा त्या चिकट्याबरोबरच जातो. मग कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, ब्लीचिंग अर्थमधून तेल फिरवतात आणि शेवटी डीओडरायझरमध्ये निर्वाताखाली २०० अंशांच्या वर वाफ देतात. एवढं सगळं सोसून डीएनएचे काही बारके तुकडे उरतातही, संशोधकांनी ते काढूनही दाखवलेत. पण ते नेहमीच्या किटाचं काम नाही.

"डबल फिल्टर" लिहिलं असेल तर मधली स्थिती. फिल्टर प्रेसच्या कापडात आपला डीएनए अडकून राहिलेला असतो. नुसतं घाण्यातून काढून दोन-तीन दिवस निवळू दिलेलं तेल सगळ्यात सोपं.

आणखी एक गोष्ट वाचा. लेबलवर मिश्र तेल, म्हणजे "मल्टी-सोर्स एडिबल ऑइल", असं तर नाही ना? एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणातलं प्रत्येक तेल वजनाने किमान २० टक्के असावं लागतं. त्यात सोयाबीन सापडलं तर ती भेसळ नाही, ते डब्यावरच छापलेलं आहे. मात्र मोहरीच्या तेलात असं मिश्रण करायला २०२१ पासून बंदी आहे.

नमुना कुठून घेतला?

गिऱ्हाईक वरचं नितळ तेल बाटलीत भरून आणतं, कारण त्याला ते "चांगलं" वाटतं. आपल्याला तळाचा साका हवा. डबा हाताने उलटसुलट करून नीट हलवा आणि मगच ओता. थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजतं, शेंगदाणा तेलही घट्ट होतं. अशा वेळी डबा ३५-४० अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण पातळ होऊ द्या. गोठलेल्या तेलात कण जिथल्या तिथे अडकलेले असतात, वरून चमचाभर घेतलंत तर हाती काही येत नाही.

किती घ्यायचं? किटाच्या पत्रकात २०० मायक्रोलिटर लिहिलेलं असतं. ते रक्तासाठी किंवा पानासाठी. तेलाला हा हिशेब चालत नाही. मी अर्धा लिटर मागतो आणि सोबत त्याच घाण्याची मूठभर पेंड आणि मूठभर दाणे. पेंडीतून डीएनए निघाला आणि तेलातून नाही, तर प्रश्न तेलाचा. पेंडीतूनही नाही निघाला, तर प्रश्न तुमच्या टेबलावर आहे. मूठभर पेंडीवर एवढा निकाल लागतो, म्हणून ती विसरू नका.

घाण्यावर गेलात तर दोन प्रश्न विचारून घ्या: याआधी काय गाळलं होतं आणि टाकी कधी धुतली? सकाळी करडई आणि दुपारी शेंगदाणा असं चालणारे घाणे भरपूर आहेत. टाकीच्या तळाचा साका तर मागच्या कितीतरी घाण्यांचा साठलेला असतो. त्यात सोयाबीनचा डीएनए सापडला म्हणून आजच्या तेलात सोयाबीन आहे असं होत नाही.

ब्लँक लागतोय का?

ब्लँक लागत असेल तर बाकी सगळं थांबवा. पुढचा एकही निकाल खरा मानता येणार नाही.

ब्लँक दोन हवेत. एक पीसीआरचा, ज्यात टेम्पलेटऐवजी, म्हणजे नमुन्याच्या डीएनएऐवजी, पाणी. दुसरा एक्स्ट्रॅक्शनचा, म्हणजे डीएनए काढण्याच्या कामाचा, आणि हा बहुतेक जण करतच नाहीत. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनची बाटली आणा. तेही तेलकट, पण खनिज तेल असल्याने त्यात झाडाचा डीएनए नसतो. नमुन्यासोबत तेही त्याच पिपेटने, त्याच बफरने, अगदी शेवटपर्यंत न्या. फक्त एक्स्ट्रॅक्शनचा ब्लँक लागला तर गडबड पीसीआरच्या आधी, म्हणजे बफर, क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूजच्या बादल्या किंवा तुमचे हात. दोन्ही लागले तर मास्टरमिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण), प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) किंवा पाणी.

शेंगदाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात एक खास अडचण आहे. आपल्या डब्यात कूट असतंच: भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत. एकादशीला लॅबमध्ये शेंगदाण्याची टेस्ट लावू नये असं मी अर्ध्या चेष्टेत सांगतो. उरलेली अर्धी चेष्टा नाही. जेवून आल्यावर साबणाने हात धुवा, एप्रन बदला, नवे ग्लोव्ह्ज घाला. दाणे आणि पेंड दळायची ती दुसऱ्या खोलीत, आणि तेलाचं काम संपल्यावर. दाण्याच्या एका कणात जितका डीएनए असतो तितका कधीकधी अख्ख्या बाटलीतल्या तेलात नसतो.

टेबल पुसायला सोडियम हायपोक्लोराइट चांगलं, पण एक धोक्याची सूचना. किटातल्या ज्या बफरमध्ये ग्वानिडीन असतं, ते हायपोक्लोराइटमध्ये मिसळू देऊ नका, विषारी वायू निघतात. सांडलेलं बफर आधी पाण्याने पुसा, मग ब्लीच. टाकाऊ द्रवाची बाटलीही वेगळी ठेवा.

नॅनोड्रॉपच्या आकड्यावर विसंबू नका

"आकडा आहे पण पीसीआर नाही" याचं उत्तर बहुतेकदा इथे मिळतं. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो तेवढंच मोजतो. तिथे आरएनए शोषतो, तुटलेले न्यूक्लिओटाइड शोषतात, उरलेल्या फिनॉलचं टोक २७० च्या आसपास येऊन त्यात मिसळतं. सगळ्यात हसवणारा प्रकार म्हणजे कॅरिअर आरएनए, थोडा डीएनए हरवू नये म्हणून सोबतीला घातलेला. काही किटांमध्ये तो आधीच घातलेला असतो, काही जण स्वतः यीस्टचा टीआरएनए घालतात आणि मग त्याचाच आकडा "तेलाचा डीएनए" म्हणून वहीत लिहितात.

२६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या जवळ आलं तरी एवढ्या कमी प्रमाणात त्याला अर्थ नसतो. २६०/२३० मात्र बघा. ते २ च्या बरंच खाली असेल तर ग्वानिडीन, ईडीटीए किंवा साखरेचे मोठे रेणू शिल्लक आहेत, आणि ते पीसीआरला नडतात. फ्लुरोमीटर असेल तर तो जास्त प्रामाणिक. पण तेलाच्या नमुन्यात तोही बऱ्याचदा "खूप कमी" एवढंच सांगतो. खरं मोजमाप रिअल-टाइम पीसीआरची सीटी व्हॅल्यू, म्हणजे कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा; डीएनए जितका कमी, तितकी सीटी मोठी.

पीसीआरला काहीतरी अडवतंय का?

वर्गात शिकवलेली युक्ती अशी: टेम्पलेट दहापट पातळ करा. अडथळा नसेल तर सीटी साधारण ३.३ सायकलने पुढे जाते. पातळ करून ती तेवढी सरकली नाही, किंवा उलट अलीकडे आली, तर इनहिबिशन आहे. पण तेलात मुळातच प्रती मोजक्या असतात. दहापट पातळ केल्यावर त्या संपूनच जातात आणि कळत काहीच नाही.

म्हणून स्पाइक लावा. दाण्यातून काढलेला डीएनए इतका पातळ करा की पाण्यात त्याची सीटी २८-३० च्या आसपास येईल. तेवढाच डीएनए एका ट्यूबमध्ये पाण्यात घाला, दुसऱ्यात तुमच्या तेलाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये. दोघांची सीटी जवळपास सारखी आली तर अडथळा नाही आणि कोरी पीसीआर खरोखरच कोरी आहे. एक्स्ट्रॅक्टमधली सीटी एक-दीड सायकलपेक्षा जास्त मागे पडली, किंवा आलीच नाही, तर एक्स्ट्रॅक्ट घाणेरडा आहे.

उपाय स्वस्त आहेत. बीएसए (अडथळे धरून ठेवणारं प्रथिन) घाला, ०.१ ते ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. पेलेट, म्हणजे तळाला बसवलेला डीएनए, ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा आणि इथेनॉल पूर्ण उडू द्या. क्लोरोफॉर्मचा वास येत असेल तर एक्स्ट्रॅक्ट अजून तयार झालेला नाही. तीळ, मोहरी आणि ऑलिव्हच्या तेलात पॉलिफिनॉल आडवे येतात, तिथे बफरमध्ये त्यांना धरून ठेवणारं पीव्हीपी घाला.

प्रायमर फार लांबचे तर नाहीत?

वनस्पतींवरच्या जुन्या पेपरमधून उचललेले प्रायमर ४००-५०० बेस-जोड्यांचा तुकडा मागतात. तेलातल्या डीएनएचे इतके लांब तुकडे क्वचित शिल्लक असतात. साठवणीत तेल खवट होताना मोकळी आम्लं वाढतात, भाजलेल्या दाण्याचं तेल असेल तर उष्णतेनेही डीएनए तुटतो. तुमचा तुकडा ६० ते १२० च्या आत बसवा. नवीन प्रायमरची जोडी नव्या किटाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते.

एकाच एक्स्ट्रॅक्टवर ७० चा आणि २०० चा असे दोन तुकडे लावून बघा. ७० चा लागला आणि २०० चा नाही, तर डीएनए आहे पण तुटलेला आहे, आणि तुमचं एक्स्ट्रॅक्शन ठीक चाललंय. जेलवर बघणाऱ्यांनी ३ टक्के अगारोज वापरावं. एक टक्क्याच्या जेलवर ७० चा बँड प्रायमर-डायमरमध्ये (प्रायमरच एकमेकांना चिकटून झालेल्या तुकड्यांत) हरवतो आणि "लागलं" की "नाही लागलं" यावर वाद सुरू होतात.

सुरुवात नेमक्या जीनपासून करू नका. शेंगदाण्याचा आरा एच २ किंवा सोयाबीनचा लेक्टिन केंद्रकातले, त्यांच्या प्रती मोजक्या. क्लोरोप्लास्टच्या जीनोमच्या प्रती एका पेशीत कितीतरी जास्त असतात. त्यातल्या आरबीसीएल जीनचा छोटा तुकडा किंवा टीआरएनएल इंट्रॉनमधला पी६ लूप नावाचा छोटा भाग घ्या. तो लागला तर "झाडाचा डीएनए हातात आला" एवढं कळलं. कोणत्या झाडाचा ते पुढचं काम.

एक ट्यूब लागते, एक नाही, हे लक्षणही याच टप्प्यातलं. तुमच्या ५ मायक्रोलिटरमध्ये सरासरी एकच प्रत असेल तर नुसत्या योगायोगाने १०० पैकी ३७ ट्यूब रिकाम्या जाणार. सरासरी ३ प्रती असल्या तरी ५ रिकाम्या जातात. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. एकाऐवजी सहा-आठ ट्यूब लावा आणि किती लागल्या ते लिहा.

आता एक्स्ट्रॅक्शनकडे

इथवर सगळं ठीक असेल तरच हा खटाटोप. यात दिवस जातो, आणि हेक्झेन-क्लोरोफॉर्म दोन्हीसाठी चालू फ्यूम हूड लागतो. हूड नसेल तर हा भाग करू नका. हेक्झेन चटकन पेट घेतं.

तेल गढूळ असेल तर सरळ सेंट्रिफ्यूज करा. ५० मिलीच्या ट्यूब भरा, ५,००० जीच्या आसपास अर्धा तास फिरवा, वरचं तेल ओतून द्या, त्याच ट्यूबमध्ये परत तेल भरा, परत फिरवा. अर्ध्या लिटरचा साका दोन ट्यूबमध्ये गोळा होईस्तोवर हे चालू ठेवा. सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावू नका, साध्या तापमानाला लावा. डीएनए म्हटलं की थंड, ही सवय इथे नडते. गार तेल दाट होतं आणि बारीक कण खाली बसतच नाहीत.

तेल नितळ असेल तर साका मिळणार नाही. मग तेल पाण्याने धुवायचं. समप्रमाणात हेक्झेन घालून पातळ करा, त्यात साधारण दहावा हिस्सा टीई (ट्रिस-ईडीटीए) बफर घालून तासभर हलक्या हाताने फिरवत ठेवा. सीटॅबचं (झाडांचा डीएनए काढायला नेहमी वापरतात त्या डिटर्जंटचं) बफर या टप्प्यावर घालू नका. सीटॅब साबणासारखं वागतं, तेल-पाण्याचं पांढरं लोणी होतं आणि ते दिवसभर मोडत नाही. आधी टीई, थर वेगळे झाल्यावर सीटॅब.

फिरवून झाल्यावर ट्यूब उजेडासमोर धरा. वर पिवळसर हेक्झेन-तेल, खाली किंचित धुरकट पाणी, आणि दोघांच्या मध्ये सायीसारखा पांढरा पापुद्रा. बहुतेक जण खालचं पाणी जपून काढतात आणि पापुद्रा टाळतात, कारण क्लोरोफॉर्मच्या पायरीवर मधला थर घ्यायचा नाही असं शिकवलेलं असतं. ते तिथे बरोबर आहे. इथे मात्र पेशींचे तुकडे आणि फॉस्फोलिपिड त्या पापुद्र्यातच अडकलेले असतात. पाण्यासोबत तोही घ्या. पुढच्या क्लोरोफॉर्ममध्ये नको ते वेगळं होईल.

मग नेहमीचं सीटॅब: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर अर्धा ते एक तास. मिठाचं प्रमाण हलक्यात घेऊ नका. मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसवतं, आणि तुम्ही तो कचऱ्यात टाकता. मीठ भरपूर असलं की डीएनए पाण्यात राहतो. टीईचं पाणी जास्त असेल तर बफर दुप्पट तीव्रतेचं करून घाला, नाहीतर सगळंच पातळ होतं. त्यानंतर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ ने दोनदा.

आता डीएनए खाली बसवताना सगळ्यात जास्त हरवतो. एवढ्या कमी डीएनएचा पेलेट स्वतःहून जमत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. ग्लायकोजेन किंवा लिनिअर पॉलिअॅक्रिलमाइड घाला, ०.७ पट आयसोप्रोपेनॉल, रात्रभर उणे २० अंशांवर. सकाळी १२,००० जीच्या वर किमान २०-३० मिनिटं. ही पायरी थंडच. ट्यूब ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवा. पेलेट दिसणार नाही, पण तो कुठे आहे ते कळेल: बिजागरीच्या खाली, तळाजवळच्या भिंतीला. द्रव काढताना पिपेटचं टोक उलट्या बाजूला. शेवटी ३० ते ५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा. २०० मध्ये विरघळवलंत तर इतका वेळ गोळा केलेलं परत पसरून टाकलंत.

मॅग्नेटिक बीड्स असतील तर आयसोप्रोपेनॉलऐवजी त्या वापरा. मोठ्या आकारमानातून थोडा डीएनए पकडायला त्या बऱ्या, फक्त खर्च वाढतो.

नेमका जीन लागत नाही, मग तेल शुद्ध म्हणायचं का?

नाही, आणि या एका मुद्द्यावर मी कोणाचं ऐकत नाही.

भेसळ करणारा महाग तेलात स्वस्त तेल घालतो. ते स्वस्त तेल जवळजवळ नेहमी रिफाइंड असतं: पाम, सोयाबीन, सरकी. म्हणजे ज्याचा डीएनए रिफायनरीतच गेलाय ते. घाण्याच्या शेंगदाणा तेलात निम्मं रिफाइंड सोयाबीन घातलं तरी पीसीआर शेंगदाणा ठणठणीत दाखवेल आणि सोयाबीनबद्दल मूग गिळून बसेल. आणि ज्या प्रामाणिक घाणेवाल्याने आदल्या दिवशी सोयाबीन गाळून यंत्र नीट पुसलं नाही, त्याच्या तेलात सोयाबीन दणक्यात लागेल. निकाल जसाच्या तसा वाचला तर चोर सुटतो आणि शेजारी पकडला जातो.

त्याच कारणाने सीटीवरून "इतके टक्के भेसळ" काढता येत नाही. टक्केवारी काढायची तर दोन्ही तेलांत डीएनएचं प्रमाण सारखं हवं. कच्च्या आणि रिफाइंडमध्ये ते कधीच सारखं नसतं.

म्हणून तीनच वाक्यं लिहा. "अमुक झाडाचा डीएनए आढळला." "अमुक झाडाचा डीएनए आढळला नाही. त्यावरून ते तेल नाही असं म्हणता येत नाही." "वापरण्याजोगा डीएनए मिळाला नाही." गिऱ्हाईक रागावतं, पण "शुद्ध" हा शब्द या टेस्टच्या रिपोर्टमध्ये बसत नाही.

तेल कुठलं आहे याबद्दलही तसंच. डीएनए वाण सांगू शकतो, गाव नाही. टीएजी-२४ किंवा फुले प्रगती कोणत्याही जिल्ह्यात पेरली तरी तिचा डीएनए तोच. मातीचा आणि पाण्याचा ठसा हवा असेल तर स्थिर समस्थानिकांचं गुणोत्तर मोजावं लागतं, ती वेगळीच यंत्रं. ऑलिव्हमध्ये वाणही सरळ कळत नाही. तिथे फळ कोयीसकट चिरडतात, कोयीतल्या गर्भात परागकण देणाऱ्या झाडाचा वाटा असतो, म्हणून तेलाची प्रोफाइल आईच्या झाडाच्या पानाशी तंतोतंत जुळत नाही. शेंगदाणा बहुतांशी स्वपरागित असल्याने आपण त्यातून वाचतो.

सोयाबीनमध्ये एक धागा हाती लागू शकतो. भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही, तर अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणारं सोयाबीन तेल मुख्यतः जीएम बियांचं. पण नुसता ३५एस प्रमोटर (बऱ्याच जीएम पिकांत घातलेला, जीन चालू करणारा तुकडा) लागला म्हणून "आयात तेल" लिहू नका. आपली सरकी बहुतेक बीटी आहे आणि बीटी कापसातही ३५एस असतो. आधी सोयाबीनचा लेक्टिन आणि कापसाचा स्वतःचा जीन लावा. उलट बाजूने, एमओएन ८९७८८ सारख्या नंतरच्या जीएम सोयाबीनमध्ये ३५एस नाहीच, तेव्हा तो लागला नाही तरी काही सिद्ध होत नाही.

थांबायचं कधी आणि कोणाकडे जायचं

स्पाइक ठीक आहे, ब्लँक स्वच्छ आहे, अर्धा लिटर तेल वापरलंय, क्लोरोप्लास्टचा ७० चा तुकडाही आठ-आठ ट्यूबमध्ये लागत नाही. थांबा. त्यात डीएनए तुम्हाला पोचेल एवढा नाही. अजून एक किट आणून फरक पडणार नाही.

सगळी रसायनं बदलूनही ब्लँक लागत राहिला तर पीसीआरच्या आधीची आणि नंतरची खोली वेगळी असलेल्या लॅबकडे नमुना द्या. एका खोलीत, एका पंख्याखाली हे काम होत नाही.

भेसळच शोधायची असेल तर पीसीआरच्या आधी गॅस क्रोमॅटोग्राफीवर फॅटी अॅसिडची प्रोफाइल करून घ्या. रिफाइंड असो की कच्चं, फॅटी अॅसिड जागच्या जागी असतात. शेंगदाण्यात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसतंच, सोयाबीनमध्ये ते ५ ते ११ टक्के असतं. पाममध्ये पामिटिक ४० टक्क्यांच्या वर, शेंगदाण्यात साधारण ८ ते १४. सरकीसाठी हॅल्फेन टेस्ट आहे, लाल रंग येतो, पण तेल खूप तापवलेलं असेल तर ती फसते. शेंगदाणा तेलाचं बेलिअर तापमान, म्हणजे तेलाचं तयार केलेलं द्रावण गार होताना ज्या तापमानाला गढुळतं ते, ३९ ते ४१ अंशांत हवं. या टेस्ट जुन्या आहेत, स्वस्त आहेत, आणि या कामात पीसीआरपेक्षा भरवशाच्या आहेत.

प्रकरण तक्रारीपर्यंत जाणार असेल तर स्वतःचा रिपोर्ट घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका. अन्न सुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे कारवाईचा नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने घ्यावा लागतो, त्याचे चार भाग होतात आणि त्यातला एक अन्न विश्लेषकाकडे जातो. ग्राहकालाही कलम ४० खाली फी भरून नमुना तपासून घेता येतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

आणि तेल खाऊन घरातल्या दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले, धाप लागली, तर पीसीआरचं नावही काढू नका. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या धोतऱ्याच्या भेसळीने, म्हणजे पिवळ्या फुलांच्या काटेधोतऱ्याने, माणसं दगावली होती. ते विष रासायनिक तपासणीत सापडतं. आधी डॉक्टर, तेल वापरणं बंद, डबा तसाच झाकून ठेवायचा आणि प्रशासनाला कळवायचं.

बाहेरच्या लॅबला पाठवताना एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का एवढ्यावर थांबू नका, ती त्याच टेस्टसाठी आहे का ते मान्यतेच्या यादीत बघून घ्या. तेल गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, बॅच नंबर आणि गाळल्याची तारीख लिहून द्या. साका पाठवायचा असेल तर तो वेगळ्या बाटलीत, वर "साका" असं लिहून. दाणे आणि पेंड वेगळ्या पिशवीत, आणि तेलाच्या खोक्यात नाही.